विश्लेषण : जिओवरून एअरटेलला फोन लागतो, मग व्हॉट्सॲपवरून अरट्टाईला मेसेज का जात नाही?

सप्टेंबर २०२५च्या अखेरीस ‘झोहो’ या भारतीय कंपनीचे ‘अरट्टाई’ हे मेसेजिंग ॲप एकाएकी चर्चेत आले. अरट्टाई म्हणजे तमिळमध्ये गप्पा. ॲप स्टोअरच्या यादीत ते झपाट्याने वर चढले, अनेकांनी उत्साहाने मोबाइलमध्ये घेतलेही. पण ॲप उघडल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो : गप्पा मारायच्या कोणाशी? सोसायटीचा ग्रुप, शाळेतल्या पालकांचा ग्रुप, बचत गट, गावाकडची भावकी, सगळे व्हॉट्सॲपवर. मग नवे ॲप कितीही चांगले असले तरी माणूस चार दिवसांत जुन्या ठिकाणी परततो.

त्याच सुमारास झोहोचे सहसंस्थापक श्रीधर वेम्बू यांनी मेसेजिंग ॲप ही यूपीआय आणि ई-मेलसारखी एकमेकांशी जोडलेली असावीत, अशी भूमिका मांडली. यात त्यांच्या कंपनीचे हित आहे, हे उघड आहे. तरीही विषय एका कंपनीपुरता नाही. आपले फोटो, आपल्या पोस्ट आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपली माणसे ज्या ॲपमध्ये आहेत, ते सोडायचे ठरवले तर आपल्या हाती काय उरते?

इंटरऑपरेबिलिटी म्हणजे नेमके काय?

एका कंपनीची सेवा दुसऱ्या कंपनीच्या सेवेशी बोलू शकते, तेव्हा त्याला ‘इंटरऑपरेबिलिटी’ म्हणतात. रेडिफमेलवरून जीमेलला मेल जातो, कारण दोघेही ‘एसएमटीपी’ नावाचे एकच नियम पाळतात. हे नियम १९८२ सालापासून आहेत आणि कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाहीत. अशा सामाईक नियमांना तंत्रज्ञानाच्या भाषेत ‘प्रोटोकॉल’ म्हणतात.

‘डेटा पोर्टेबिलिटी’ ही त्याची चुलत बहीण. एका ठिकाणचा आपला डेटा उचलून दुसरीकडे नेता येणे, एवढाच तिचा अर्थ. घर बदलताना सामान हलवता येणे ही पोर्टेबिलिटी. नव्या घरातूनही जुन्या शेजाऱ्यांशी बोलता येणे ही इंटरऑपरेबिलिटी. समाजमाध्यमांवर आज पहिली गोष्ट अर्धीमुर्धी मिळते आणि दुसरी जवळपास मिळतच नाही.

फोन आणि पैशांच्या बाबतीत हे कसे जमले?

आपल्याकडे हे दोन वेळा करून झाले आहे. मोबाइल नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ रोजी देशभर लागू झाली. जुलै २०१५ पासून राज्य बदलले तरी नंबर तोच ठेवता येऊ लागला. १९०० या क्रमांकावर ‘पोर्ट’चा एसएमएस पाठवायचा, आलेला कोड नव्या कंपनीला द्यायचा, एवढेच काम. त्याआधी नंबर बदलेल या धास्तीने लोक खराब सेवाही निमूटपणे सहन करत.

नंबर नेता आला तरी त्या नंबरवरून इतर कंपन्यांच्या ग्राहकांना फोन लागला पाहिजे. त्यासाठी दोन नेटवर्कमध्ये जोडणीचे सांधे लागतात. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात आली, तेव्हा एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया पुरेसे सांधे देत नसल्याने आपल्या ग्राहकांचे कॉल लागत नाहीत, अशी तक्रार तिने केली. त्या कंपन्यांनी आरोप फेटाळला. पण ‘ट्राय’ने ऑक्टोबर २०१६ मध्ये तिन्ही कंपन्यांना मिळून ३,०५० कोटी रुपयांचा दंड करण्याची शिफारस केली. बाजारात आधीपासून असलेल्या कंपनीला नव्याशी जोडून घेण्याची घाई कधीच नसते. ते काम नियामकाला करून घ्यावे लागते, हा त्या प्रकरणाचा धडा.

पैशांचेही तसेच. सुरुवातीच्या मोबाइल वॉलेटमध्ये एका कंपनीच्या वॉलेटमधले पैसे दुसऱ्या कंपनीच्या वॉलेटमध्ये जात नसत. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि ॲप कोणाचे, बँक कोणती, हा प्रश्नच संपला. आज भाजीवालीच्या गाडीवर लावलेला क्यूआर कोड कोणत्याही यूपीआय ॲपने स्कॅन होतो. पुढे रिझर्व्ह बँकेने पूर्ण केवायसी झालेली वॉलेटही ३१ मार्च २०२२ पर्यंत एकमेकांशी जोडणे बंधनकारक केले.

मग समाजमाध्यमांत घोडे अडते कुठे?

समाजमाध्यमाची खरी किंमत त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नसते. ती तिथे जमलेल्या माणसांमध्ये असते. जिथे सगळे असतात तिथेच नवा माणूस जातो आणि त्यामुळे तिथली गर्दी आणखी वाढते. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार तेव्हाच भारतात व्हॉट्सॲपचे ५३ कोटी आणि फेसबुकचे ४१ कोटी वापरकर्ते होते. एवढी माणसे एका ठिकाणी असताना एकट्यादुकट्याने बाहेर पडणे म्हणजे गावाबाहेर राहायला जाणे.

माणसांची ही यादी किती मोलाची, ते कंपन्यांना नेमके ठाऊक असते. जानेवारी २०१३ मध्ये ट्विटरने ‘व्हाइन’ हे छोट्या व्हिडीओंचे ॲप आणले. आपले फेसबुकवरचे कोणते मित्र व्हाइनवर आहेत, हे शोधण्याची सोय त्यात होती. फेसबुकने ती सोय त्याच सुमारास बंद केली. त्या निर्णयाला खुद्द मार्क झकरबर्ग यांची मंजुरी होती, हे ब्रिटिश संसदेच्या समितीने डिसेंबर २०१८ मध्ये उघड केलेल्या अंतर्गत ई-मेलमधून जगाला कळले.

याची किंमत भारतातल्या वापरकर्त्यांनीही मोजली आहे. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. भारतात टिकटॉकचे सुमारे २० कोटी वापरकर्ते असल्याचे तेव्हा सांगितले जात होते. बंदी योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय. पण खेड्यापाड्यांतल्या ज्या कलाकारांनी तिथे लाखो फॉलोअर जमवले होते, त्यांना इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर शून्यापासून सुरुवात करावी लागली. व्हिडीओ मोबाइलमध्ये शिल्लक असतीलही, ते बघणारी माणसे मागे राहिली.

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारे ‘कू’ जुलै २०२४ मध्ये बंद पडले, आणि त्यावर तर सरकारी विभागांचीही खाती होती. ॲप बुडाले की त्यावर जमलेले नातेसंबंधही बुडतात, हे प्रत्येक वेळी दिसले आहे.

डेटा डाउनलोड करता येतो, मग तक्रार कसली?

फेसबुकने वापरकर्त्याला त्याची माहिती डाउनलोड करण्याची सोय २०१० मध्येच दिली. गूगलचे ‘टेकआउट’ आहे, इन्स्टाग्रामवरही तशी सोय आहे. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपच्या ‘जीडीपीआर’ कायद्याने तर डेटा पोर्टेबिलिटी हा हक्कच केला.

अडचण अशी की हाती पडते ती एक झिप फाइल. त्यात आपले फोटो असतात, पोस्ट असतात, मित्रांची नावेही असतात. पण ती नावे दुसऱ्या ॲपला ओळखता येत नाहीत. ‘सचिन पाटील’ या नावावरून नवे ॲप नेमका कोणता सचिन पाटील शोधणार? शिवाय ही फाइल सरळ उचलून आत घेणारे दुसरे नेटवर्कही क्वचितच सापडते. म्हणजे सामान बांधून मिळाले, पण ते उतरवायला घर नाही आणि कोणाला पत्ता कळवायची सोय नाही.

युरोपने काय केले?

युरोपीय महासंघाचा ‘डिजिटल मार्केट्स ॲक्ट’ नोव्हेंबर २०२२ मध्ये अस्तित्वात आला. बाजाराचे दार ज्यांच्या ताब्यात आहे अशा बड्या कंपन्यांना या कायद्याने ‘गेटकीपर’ म्हणजे द्वारपाल ठरवले. मार्च २०२४ पासून त्यांच्यावर बंधने लागू झाली. नियम मोडल्यास जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

या कायद्यानुसार व्हॉट्सॲप आणि मेसेंजर यांना मागणी करणाऱ्या इतर मेसेजिंग सेवांसाठी दार उघडावे लागते. ते टप्प्याटप्प्याने : आधी दोन व्यक्तींमधले मेसेज, फोटो आणि फाइल, मग ग्रुप आणि शेवटी ऑडिओ-व्हिडीओ कॉल. नोव्हेंबर २०२५ मध्ये मेटाने ‘बर्डीचॅट’ आणि ‘हायकेट’ या दोन छोट्या ॲपशी जोडणी जाहीर केली. ही सोय फक्त युरोपात आहे आणि वापरकर्त्याने स्वतः सुरू केली तरच ती चालते. गंमत म्हणजे सिग्नल आणि थ्रीमा या गोपनीयतेसाठी नावाजलेल्या ॲपनी यात उतरायला अनुत्सुकता दाखवली. व्हॉट्सॲपशी जोडले गेलो तर आपल्या वापरकर्त्यांना देत असलेले संरक्षण सैल होईल, अशी त्यांची भूमिका आहे.

फेसबुक-इन्स्टाग्रामसारखी समाजमाध्यमे मात्र जोडणीच्या या सक्तीतून बाहेर राहिली. ती पुढे लागू करावी का, हे कायद्याच्या फेरआढाव्यात तपासायचे, एवढेच कायद्यात म्हटले आहे. त्या दिशेने पाऊल टाकले ते अमेरिकेतील युटा राज्याने. मार्च २०२५ मध्ये तिथे मंजूर झालेल्या ‘डिजिटल चॉइस ॲक्ट’मध्ये समाजमाध्यम कंपन्यांनी खुल्या प्रोटोकॉलद्वारे वापरकर्त्याचा डेटा आणि संपर्क दुसरीकडे नेऊ द्यावेत, अशी तरतूद आहे. १ जुलै २०२६ ही तिच्या अंमलबजावणीची तारीख ठरवण्यात आली.

कायद्याशिवाय हे शक्य नाही का?

तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे आणि चालूही आहे. ‘ॲक्टिव्हिटीपब’ हा खुला प्रोटोकॉल वेबचे मानक ठरवणाऱ्या ‘डब्ल्यू-थ्री-सी’ या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये मान्य केला. जर्मनीत सुरू झालेले ‘मॅस्टोडॉन’ त्यावर चालते. त्यात एकच कंपनी नसते. हजारो वेगवेगळे सर्व्हर असतात आणि एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्यावरच्या माणसाला फॉलो करू शकतो. सर्व्हर बदलला तर फॉलोअर आपोआप नव्या खात्याकडे वळतात, जुन्या पोस्ट मात्र मागे राहतात. ‘ब्लूस्काय’ने स्वतःचा वेगळा प्रोटोकॉल तयार केला असून, त्यात पोस्टसह खाते हलवण्याची रचना आहे. तरी त्याचे बहुतांश वापरकर्ते आजही त्या कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत. मेटाच्या ‘थ्रेड्स’नेही मार्च २०२४ पासून काही देशांत आपल्या पोस्ट मॅस्टोडॉनसारख्या नेटवर्कवर पाठवण्याची ऐच्छिक सोय दिली.

पण केवळ चांगले तंत्र पुरत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ विधिज्ञ संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यावर भारतातले बरेच जण निषेध म्हणून मॅस्टोडॉनवर गेले. ती लाट टिकली नाही, कारण वाचणारी माणसे ट्विटरवरच होती. जुन्या नेटवर्कने दार उघडले नाही, तर नवे कितीही खुले असून उपयोग मर्यादित राहतो.

दार उघडण्यात धोका नाही का?

आहे, आणि तो किरकोळ नाही. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण आठवावे. एक प्रश्नमंजुषेचे ॲप वापरकर्त्यासोबत त्याच्या फेसबुक मित्रांचीही माहिती खेचून घेत होते. फेसबुकने एप्रिल २०१८ मध्ये दिलेल्या माहितीनुसार भारतात ते ॲप फक्त ३३५ जणांनी घेतले होते, पण त्यामुळे ५,६२,४५५ भारतीयांची माहिती बाहेर गेल्याची शक्यता होती. जगभरात हा आकडा ८ कोटी ७० लाखांपर्यंत होता.

यातली मेख अशी : संमती दिली एकाने, माहिती गेली त्याच्या मित्रांची. आपली फ्रेंड लिस्ट ही पूर्णपणे आपली नसते. तिच्यातले प्रत्येक नाव दुसऱ्या कोणाचे तरी असते. नवऱ्याच्या छळाला कंटाळून नाव बदलून नव्या ठिकाणी राहणारी एखादी स्त्री मैत्रिणीच्या यादीत असेल आणि मैत्रिणीने ती यादी भलत्याच ॲपला दिली, तर परिणाम भयंकर होऊ शकतो.

दुसरा प्रश्न एन्क्रिप्शनचा. दोन ॲप जोडायची तर मेसेज पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत कुलूपबंद राहिला पाहिजे. जोडणीसाठी मध्येच कुठे कुलूप उघडावे लागले, तर सगळा खटाटोप व्यर्थ. तिसरा प्रश्न स्पॅम आणि फसवणुकीचा. ‘डिजिटल अटक’च्या नावाखाली लोकांची आयुष्यभराची पुंजी लुटली जात असताना अनोळखी ॲपवरून मेसेज येण्याची सोय नकोच, असे कोणी म्हणाले तर त्याला वेड्यात काढता येणार नाही.

मात्र सुरक्षेच्या नावाने लावलेले कुलूप स्पर्धकालाही बाहेर ठेवते, हेही विसरता येत नाही. व्हाइनचे दार बंद झाले ते केंब्रिज ॲनालिटिका उघड होण्याच्या पाच वर्षे आधी. ते प्रश्नमंजुषेचे ॲप मात्र त्यानंतरही मित्रांची माहिती गोळा करत राहिले. दार कोणासाठी बंद ठेवायचे आणि कोणासाठी उघडे, हे कंपनी आपल्या सोयीने ठरवत असेल, तर वापरकर्त्याच्या सुरक्षेचे कारण पटत नाही.

भारतीय कायदा काय म्हणतो?

न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये दिलेल्या मसुद्यात डेटा पोर्टेबिलिटीचा हक्क होता. २०१९च्या विधेयकातही तो होता. ते विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेण्यात आले आणि त्यानंतर आलेल्या नव्या मसुद्यातून हा हक्क गळाला. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही तो नाही.

या कायद्याने आपल्याला काय मिळाले? आपल्या कोणत्या डेटावर प्रक्रिया होते त्याचा सारांश मागणे, तो दुरुस्त करून घेणे किंवा पुसायला लावणे, तक्रार करणे आणि आपल्या पश्चात हे हक्क वापरण्यासाठी वारस नेमणे. हे सगळे उपयोगी आहे. पण ‘माझा डेटा उचलून दुसरीकडे न्या’ असे म्हणण्याचा अधिकार त्यात नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार कायद्याच्या मुख्य तरतुदी १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७च्या सुमारास लागू होतील.

दुसरा मार्ग स्पर्धा कायद्याचा. डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. बड्या डिजिटल कंपन्यांनी वापरकर्त्यांना डेटा सहज नेऊ द्यावा, असे त्यात म्हटले होते. ते मसुद्यापाशीच रखडले. दरम्यान, व्हॉट्सॲपच्या २०२१च्या गोपनीयता धोरणाबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला आणि जाहिरातींसाठी मेटाच्या इतर कंपन्यांना डेटा देण्यास पाच वर्षांची बंदी घातली. अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दंड कायम ठेवला, पण ती बंदी उठवली. ‘मान्य करा नाहीतर ॲप सोडा’ हे वापरकर्त्यांपुढे ठेवलेले बंधन या वादाच्या मुळाशी होते. सोडून जाणे खरोखर सोपे असते, तर त्या धोरणाला एवढी धारच राहिली नसती.

मग काय व्हायला हवे?

सगळी समाजमाध्यमे उद्यापासून एकमेकांना जोडा, अशी मागणी करणे धोक्याचे आहे. पण सुरुवात करण्याजोग्या तीन गोष्टी आहेत.

पहिली, ‘पत्ता बदलला’ ही सूचना. घर बदलल्यावर टपाल कार्यालयात अर्ज दिला की पत्रे नव्या पत्त्यावर पाठवली जातात. तसेच बड्या समाजमाध्यमांनी खाते सोडून जाणाऱ्याच्या फॉलोअरना त्याचा नवा पत्ता कळवावा आणि त्या पत्त्यावर त्याला फॉलो करण्याची सोय द्यावी. यात मित्रांची यादी कुठेच बाहेर जात नाही. कोणाला नव्या ठिकाणी यायचे ते ज्याचे तो ठरवतो. केंब्रिज ॲनालिटिकात जी चूक झाली, ती इथे टळते.

दुसरी, पोर्टेबिलिटीचा हक्क कायद्यात परत आणणे. त्यासाठी लागणारी संमतीची यंत्रणा आपल्याकडे तयार आहे. सप्टेंबर २०२१ पासून ‘अकाउंट ॲग्रिगेटर’द्वारे एका बँकेतली आपली माहिती दुसऱ्या वित्तसंस्थेला देता येते. कोणती माहिती, कशासाठी आणि किती काळ, हे संमतीत लिहिलेले असते आणि संमती मागेही घेता येते. पैशांच्या माहितीसाठी जे चालते, ते फोटो आणि पोस्टसाठी न चालण्याचे कारण नाही.

तिसरी, बंधन फक्त बड्यांवर. नव्या स्टार्टअपवर ही सक्ती लादली तर खर्चानेच ती मोडून पडेल. आणि दार उघडण्याच्या अटी कंपनीने नव्हे, तर नियामकाने ठरवाव्यात. २०१६ मध्ये ‘ट्राय’ने हस्तक्षेप केला नसता, तर फोन लागावेत म्हणून नव्या कंपनीला जुन्यांच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागले असते.

तोपर्यंत आपण काय करू शकतो?

फेसबुक, इन्स्टाग्राम आणि गूगलच्या सेटिंगमध्ये जाऊन आपला डेटा वर्षातून एकदा तरी डाउनलोड करून ठेवावा. व्हॉट्सॲपवरचे महत्त्वाचे चॅट, विशेषतः पैशांच्या व्यवहारांचे आणि गेलेल्या माणसांचे, ‘एक्स्पोर्ट’ करून दुसरीकडे जपावे. मित्रांच्या संपर्कयादीची परवानगी मागणाऱ्या नव्या ॲपला ती लगेच देऊ नये. समाजमाध्यमावर व्यवसाय करणाऱ्यांनी, मग ते घरगुती मसाले असोत की शिकवणीचे वर्ग, ग्राहकांचे फोन नंबर त्यांच्या परवानगीने स्वतःच्या वहीत किंवा फाइलमध्येही ठेवावेत. खाते एका रात्रीत बंद झाले, तर तेवढेच हाती राहते.

हे सगळे उपाय म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवण्यासारखे आहेत. छप्पर दुरुस्त करण्याचे काम सरकारचे आहे, आणि डेटा संरक्षण कायद्याच्या मुख्य तरतुदी लागू होण्याआधीचा काळ त्यासाठी सर्वांत सोयीचा आहे. २०१९च्या विधेयकात असलेला हक्क २०२३च्या कायद्यात का नाही, हा प्रश्न आपल्या खासदाराला विचारायला हरकत नाही.